मंजुबेनचं अँथुरियम आणि माझी काळी माती

दोंडाईच्याच्या स्टेशनावर सुरतेची गाडी लागली तेव्हा मायने खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "घाबरू नको. तठे बी मानसंच ऱ्हातस." तिथेही माणसंच राहतात. मी मनात म्हटलं, तुला काय माहीत, तू धुळ्याच्या पुढे कधी गेलीस! लग्नाला महिना झाला होता. आमचे हे सुरतेच्या गोडादऱ्यात लूमवर कामाला. नंदुरबारपर्यंत मी रडले, मग भूक लागली म्हणून थांबले.

गावाकडच्या बायांनो, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, तुम्ही हसाल, पण सुरतेत माझं पहिलं भांडण एका शब्दावरून झालं. समोरच्या खोलीत मंजुबेन राहायच्या. भावनगरकडच्या, एकट्याच. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "फावी गयुं ने, बेटा?" माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे 'फावलं' कोणाचं म्हणतात? सासू लांब, नवरा कामावर, सून मोकळी, त्या सुनेचं! आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवटी ह्यांनी पोट धरून हसत सांगितलं, "अगं, सुरत मानवली का, एवढंच विचारलं त्यांनी." मी अशी वरमले की त्याच दिवशी वाटीभर शेवभाजी घेऊन त्यांच्या दारात उभी. मग त्यांनीच मला भाजीबाजार दाखवला, पर्वत पाटियाच्या चौकात कसं जायचं ते शिकवलं, रिक्षावाल्याशी गुजरातीत कसं भांडायचं तेही शिकवलं.

त्यांच्या गॅलरीत एक अँथुरियम होतं. लाल, चकचकीत फूल. प्लास्टिकचं समजून मी एकदा नखाने टोचूनही पाहिलं होतं. वारलेल्या काकांनी ते वलसाडच्या नर्सरीतून आणलेलं. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी भावनगरला निघताना बेनने ती कुंडी माझ्या हातात दिली. "पाणी ओछुं. तडके नो मूकती. मारो जीव छे एमां." पाणी कमी, उन्हात ठेवू नकोस, माझा जीव आहे त्यात.

आता मी पडले शेतकऱ्याची लेक. कुंडीत पाहते तर माती नाहीच! नारळाची सालं, कोळसे, विटांचे तुकडे. मला वाटलं, बिचारीला शहरात माती मिळाली नसेल. नेमकी तेव्हाच मी तुळशीसाठी भावाकडून आमच्या शेतातली काळी माती मागवली होती. ती सगळी अँथुरियमला घातली, दाबून दाबून, आणि वर पोटभर पाणी. जिच्यात कपाशी कमरेएवढी होते ती माती! बेनच्या उपकारांची फेड करायला दुसरं काय होतं माझ्याकडे?

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, देठ मऊ झाले. बेनचा फोन आला की पहिला प्रश्न झाडाचा. मी "मस्त छे" म्हणायचे आणि फोन ठेवून रडायचे. गेलेल्या माणसाची ती एवढीच आठवण होती, आणि मी ती मारायला घेतली होती.

शेवटी कुंडी कडेवर घेऊन कडोदऱ्याच्या रस्त्यावरची नर्सरी गाठली. तिथल्या म्हाताऱ्या माळीकाकांनी झाड उपटून दाखवलं. मुळं काळी, कुजकी. रागावले मात्र नाहीत. म्हणाले, हे भरपूर पावसाच्या जंगलातलं झाड. तिथे मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर सावलीत वाढतं, मुळांना वारा लागतो. तुमच्या चिकट मातीत गुदमरलं ते. त्यांनी सडलेली मुळं कापली, हळद लावली आणि झाड पुन्हा नारळाच्या सालात बसवलं. मी ते मोरीच्या खिडकीशी ठेवलं. रोज ओल्या फडक्याने पानं पुसायची. सुरतेच्या ज्या दमट हवेला मी येता-जाता शिव्या घालायचे, तीच त्याला हवी होती. महिन्याने एक पान आलं, तांबूस, गुंडाळलेलं. मी ह्यांना कामावर फोन करून सांगितलं. लूमच्या खडखडाटात त्यांना काही ऐकूच गेलं नाही.

बेन आल्या त्या सामान न्यायलाच. लेकीने कायमचं बोलावलं होतं. मी एका दमात सगळं कबूल केलं, माती, पाणी, फोनवरचं खोटं. त्या झाडापाशी बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग पदराने त्या नव्या पानावरची धूळ टिपली आणि म्हणाल्या, "एने तारे त्यां फावी गयुं छे. राख." तुझ्याकडे ते रुळलंय, ठेव तुलाच. काकांचं झाड, आणि ते कोणाला दिलं? ज्या बाईने ते मारतच आणलं होतं, तिला! बायांनो, एवढा भरवसा माझ्यावर सख्ख्यांनीही टाकला नव्हता. ह्या गावाने मला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी हे सांगते.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. गोडधोड, झोका, मैत्रिणी, सगळं होतं. पण तिसऱ्याच दिवशी जीव लागेना. झाडावर कळी होती आणि ह्यांची बारा तासांची पाळी. पिशवी भरायला लागले तशी माय चिडली. "झाडकरता माहेर सोडीसन चालनी! तठे कोन वाट देखी ऱ्हायना तुनी?" तिथे कोण वाट पाहतंय तुझी?

"घरी कोणी नाही गं, माय," मी बोलून गेले.

माहेरात बसून सुरतेला 'घर' म्हटलं मी, आणि जीभ चावली. मायने खापरावरचा मांडा उलटला, भाजून झाल्यावर उतरवला, निवू दिला. मग फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवला.

"जाय," ती म्हणाली, "तुना घर जाय."