मागचे टायर

बावीस वर्षं काळीपिवळी चालवणाऱ्या भाऊसिंगला पोहरादेवीच्या यात्रेत सगळे वाघ म्हणत. गेल्या मंगळवारपासून हा वाघ वळणांना घाबरत होता. पण वाघाने हे सांगावं कोणाला?

मंगळवारी त्याने दोन नवे टायर पुढे चढवले आणि झिजून गोटा झालेले मागेच ठेवले. स्टिअरिंग पुढे, म्हणून चांगला टायरही पुढे. आमच्याकडचे ड्रायव्हर डोळे मिटून हेच करतात. तेव्हापासून मुरमाच्या वळणावर गाडीचं बूड बाहेर सरकू लागलं. भाऊसिंगला घाम फुटायचा, आणि तो गाण्याचा आवाज वाढवायचा.

आज शेजारी त्याची लेक होती. रीता, आठवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणून तो तिला रिठदहून माहेरी आणत होता. गाडीत दोघंच. मानोऱ्याच्या अलीकडे नाल्यापाशी डावं वळण आलं आणि समोर डांबरावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलेलं.

दाण्यांवर चाक गेलं. पुढचे टायर वळले, मागचे घसरले. बूड उजवीकडे नाल्याकडे निघालं आणि बोनेट गरकन डावीकडे. भाऊसिंगने करू नये तेच केलं, ब्रेकवर उभा राहिला. गाडी भिंगरीसारखी फिरली. रीता किंचाळली, "बाबा!"

गाडी थांबली तेव्हा तोंड रिठदकडे होतं आणि मागचं एक चाक नाल्याच्या काठावर.

सोयाबीन राखणारा भिवाजी धावत आला. म्हाताऱ्याने उमेदीत ट्रक चालवलेला. रीताला उतरवून सावलीत बसवलं, पाणी दिलं, मग टायर पाहून तो भडकलाच. "नवे पुढं लावले? अरे बावा, मांगच्या चाकाची पकड सुटली का गाडी आपल्याच भोवती फिरते! चांगले मांगं पाह्यजेत. अन् माह्यंही चुकलंच, वळणावर सोयाबीन वाळू घातलं."

रीता पोटावर हात धरून बसली होती. बाळ हललं तशी तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिने विचारलं, "बाबा, तुमाले डर लागून राह्यला होता ना? सकाळपासून गाणं जोरात होतं."

बावीस वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला. "हो बाई. मंगळवारपासून."

"मंग मले काहून बसवलं?"

भाऊसिंगने पाना काढला आणि तो पुढच्या नव्या टायरचे नट सैल करू लागला.