लाल दोरा वरच्या अंगाला

नागूबाईनं ग्यानबाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, पाव्हण्यांनी येताना सोबत शिडी आणलीय. चार माणसं दारातून वाकून आत आली. पाचव्याचं आधी नुसतं धोतर आलं आणि बाकीचा माणूस मागाहून थोडा थोडा येत राहिला. त्याचं डोकं आढ्याला लागलं, तिथलं दहा वर्षांचं काजळ त्याच्या खांद्यावर उतरलं. तो बसला तेव्हा कुठं उभ्या माणसांच्या उंचीला आला.

साल एकोणसाठ. घर आळंदजवळच्या एका खेड्यातलं. मुलगी बघायला आलेली मंडळी हळ्ळीखेडजवळच्या वाडीतली, म्हणजे बिदर जिल्ह्यातली. तो जिल्हा नुकताच म्हैसूर राज्यात गेला होता. राज्य बदललं होतं, दोन्ही घरांनी बुद्धाचा धर्म घेऊन धर्मही बदलला होता. पाणी तेवढं जुनंच होतं.

नागूबाई पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन खालमानेनं बाहेर आली. ग्यानबानं तांब्या घेतला, खिशातून पांढरं फडकं काढलं, ते उलटंसुलटं करून त्याच्या काठाला शिवलेला लाल दोरा वरच्या अंगाला आणला, फडकं पेल्यावर धरलं आणि नवरीमुलीनं आणलेलं पाणी पंचांदेखत गाळून घेतलं.

बाहेरची शेळीसुद्धा रवंथ करायची थांबली. ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या गावानं लांबून ओंजळीत पाणी ओतलं, त्यांच्या घरी त्यांच्यातलाच एक माणूस येतो आणि त्यांचं पाणी गाळून पितो. नागूबाईचा बाप उठून उभा राहिला.

"आमच्या पाण्याला काय झालंय?" त्यानं विचारलं.

ग्यानबानं उत्तरादाखल धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. घोट्याच्या वर वाळक्या शेंगेएवढा वण होता. पोहे खाणाऱ्या मंडळींना त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, की इथून नारू निघाला, हातभर लांब, दोऱ्यासारखा. रोज बोटबोट ओढून काडीला गुंडाळावा लागला. अख्खी पेरणी आपण खाटेवर काढली. हुमनाबादच्या एका कंपाउंडरनं त्याला सांगितलं होतं, की हा किडा पाण्यातून पोटात जातो आणि दुहेरी फडक्यात अडकतो. फडक्याची वरची बाजू मात्र कायम वरच पाहिजे. चुकून उलटं धरलं, की अडकलेलं सगळं धुऊन पेल्यात. म्हणून लाल दोरा. पोहे कुणी संपवले नाहीत. ग्यानबानं मात्र सांगून झाल्यावर तांब्यामागून तांब्या गाळून अख्खी घागर रिती केली, आणि तुमचं पाणी गोड आहे असं म्हणाला.

बाप नाहीच म्हणणार होता. पण आतल्या खोलीत नागूबाईची आई पायाला चिंध्या बांधून पडली होती. तिचीही त्या वर्षीची पेरणी खाटेवरच गेली होती. नागूबाईनं आतून निरोप धाडला, की ह्याच माणसाशी करा.

पुढं वीस वर्षं तिनं ह्या निरोपाबद्दल स्वतःला अधूनमधून शिव्या घातल्या.

कारण ग्यानबा फडक्यावर थांबणारा गडी नव्हता. चुलीचा धूर बायकोच्या डोळ्यांत जातो, म्हणून त्यानं माळवदाचं सवणं, म्हणजे छतातलं धुराचं भोक, इतकं मोठं केलं, की उजेड आला, वारा आला आणि एकदा शेजाऱ्याचं कोंबडंही थेट भाकरीच्या परातीत आलं. ज्वारीच्या कणगीत कडुलिंबाचा पाला, भांड्यांना राख, दाताला लिंबाची काडी. भांडी धुतलेलं पाणी केळीला, अंघोळीचं अळूला. एकदा नागूबाईनं हात धुतलेलं तांब्याभर पाणी अंगणात फेकलं, तर हा माणूस त्या ओल्या जागेकडं मयतीला आल्यासारखा बघत उभा राहिला. पाव्हण्यांच्या घरचं ताक तो गाळून पिई. एकदा त्यानं आमटीही गाळली. डाळ वर राहिली, पाणी खाली गेलं, आणि त्या रात्री त्याच्या वाट्याला नागूबाईनं तेच पाणी वाढलं.

पण खरा जीव त्याचा विहिरीत होता. गावच्या आडावर त्यांच्या माणसांना पूर्वी येऊ देत नसत. म्हणून ग्यानबाच्या आज्यानं आणि वस्तीतल्या माणसांनी काळा खडक फोडून स्वतःची विहीर खणली होती. खाली पाण्यापर्यंत उतरायला रुंद दगडी पायऱ्या होत्या. आपल्या विहिरीत कुणाला न विचारता उतरावं, पाण्यात पाय सोडून बसावं, हे त्या वस्तीचं वैभव होतं. आणि नारूही त्याच वैभवातून पसरत होता. ज्याच्या पायातून किडा डोकावतोय तो पाण्यात पाय घालायचा, किडा पाण्यात पिलं सोडायचा, आणि वर्षभरानं दुसऱ्या कुणाच्या पायाला फोड यायचा.

ग्यानबा सकाळी शेतावर जायच्या आधी पायरीवर जाऊन बसे. येईल त्या बाईला फडकं देई, दोरा दाखवी. ज्याच्या पायाला चिंधी दिसेल त्याची घागर स्वतः भरून आणी, पण त्याला खाली उतरू देत नसे. वस्तीनं त्याचं नाव ग्यानबा गाळणी ठेवलं. म्हातारी सरुबाई तर वरच्या पायरीवरनंच ओरडायची, "आलाव का ओ फौजदार? उतरू का मी, का आधी पाय तपासताव?" आणि खरंच पाय पुढं करायची. ग्यानबा खरंच तपासायचा.

नागूबाईला ह्या सगळ्याची लाज वाटे. सांगायला कुणाला जायचं, की माझा नवरा लोकांचे पाय बघत फिरतो?

अशात त्यांची लेक राजू लग्नाला आली. स्थळ आळंदचं होतं. मुलाचं नाव श्रीमंत, नावाप्रमाणे नसला तरी कामाला चोख. त्याचा बाप राघोबा आळंदच्या बाजारात हमालांचा मुकादम, आवाजाचा मोठा आणि मानाचा त्याहून मोठा. सोयरीक ठरली त्या दिवशी राघोबानं ग्यानबाच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं पांढरा शुभ्र, तलम फेटा बांधला. घरी आल्यावर ग्यानबानं तो सोडला, उजेडासमोर धरला, आणि विणीकडं अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं त्यानं नागूबाईकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

"नगं," नागूबाई म्हणाली.

"इतकं बारीक कापड हुमनाबादला मिळत न्हाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी व्याह्याचा फेटा दुहेरी होऊन रांजणाच्या तोंडावर बसला, काठाला लाल दोरा शिवून. नागूबाई चार महिने भांडली. शेवटी इतकंच ठरलं, की लग्नादिवशी फेटा डोक्यावर जाईल. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं तो धुतला, खळ दिली, वाळवला. हजार कामांत दोरा उसवायचा तेवढा राहिला.

वऱ्हाड लॉरीतून आलं. वैशाखाचं ऊन होतं, माणसं तापली होती. वऱ्हाडानं आधी वस्तीच्या विहिरीवर हातपाय धुवायचे आणि मग मांडवात यायचं, असा तिथला रिवाज. सगळ्यांच्या पुढं राघोबा, नवं धोतर, चाल किंचित लंगडी. लॉरीतून उतरताना मुरगळला म्हणाला. पण धोतराच्या काठाखाली चिंधीचं टोक दिसत होतं, आणि ते ग्यानबाला दिसणार नाही असं होणं शक्यच नव्हतं.

राघोबा दोन पायऱ्या उतरला. तिसरीवर ग्यानबा दोन्ही हात पसरून उभा होता.

"व्याही, पाण्यात पाय घालू नका," ग्यानबा म्हणाला.

वाक्य साधं होतं. वस्तीत तो ते रोज म्हणत असे आणि लोक हसत. पण वऱ्हाडातल्या माणसांनी हे वाक्य फार वेगळ्या तोंडांतून ऐकलेलं होतं. नागूबाई वर पायरीपाशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिला एकेकाचा चेहरा बदलताना दिसला. वाजंत्री आपसूक थांबली.

राघोबाचा आवाज मोठा होता, पण तेव्हा तो हळू बोलला. "ग्यानबा, हे बोल माझ्या आज्यानं ऐकले. माझ्या बापानं ऐकले. आपल्या माणसाच्या विहिरीवर, आपल्या माणसाच्या तोंडून मी आज ऐकायलोय." मग मागं न बघता म्हणाला, "लॉरी फिरवा रे."

 आल्यागेल्याला नारूची कथा ऐकवणारा, पोहे खाणाऱ्यांना वण दाखवणारा ग्यानबा, पण लेकीचं लग्न मोडत असताना त्याला एक शब्द सुचेना. डोळ्यांत पाणी आलं. पण पायरीवरून तो हलला नाही.

नागूबाईनं मांडवाकडं पाहिलं. पांढरी साडी नेसलेली राजू तिथं बसली होती. एकदाच उतरू द्या, एवढं म्हटलं असतं तर ग्यानबानं कदाचित ऐकलं असतं, आणि सगळं मिटलं असतं. वीस वर्षं ती त्याला हेच सांगत आली होती, की जरा वाकत जा, माणसं बघून वागत जा. आज ते तिच्या ओठावर आलं आणि तिला बोलवेना. पायरीवर तो हात पसरून उभा होता, काटकुळा, रडवेला, डोक्यावर खळीचा फेटा, आणि त्याच्यामागं सगळ्या वस्तीचं पाणी. असा हटवादी माणूस आपला आहे, ह्याचा तिला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

तिनं ताट सरुबाईच्या हातात दिलं, घरात जाऊन रांजणातल्या गाळलेल्या पाण्यानं घंगाळ भरलं, आणि ते कमरेवर घेऊन विहिरीपासून लांब लिंबाच्या झाडाखाली ठेवलं. तिथं पाट मांडला आणि परत येऊन राघोबासमोर उभी राहिली.

"अण्णा, विहीर तुमचीच हाय," ती म्हणाली. "तुमच्या पायात जनावर हाय, ते तेवढं हिच्यात सोडू नका. माझी आई ह्याच्यानं दोन पेरण्या झोपली. ह्या वाडीत पाच वर्सं झाली, एका लेकराच्या पायाला चिंधी न्हाई. बघून घ्या. तुमचे पाय हे धुतील, माझ्यादेखत."

राघोबानं वस्तीतल्या पोरांच्या पायांकडं पाहिलं. पोरं लग्नाची म्हणून जमली होती, सगळी अनवाणी, सगळ्यांचे पाय धुळीनं भरलेले आणि सगळे नीट. मग त्यानं आपल्या वऱ्हाडाकडं पाहिलं. दोघातिघांनी पाय मागं घेतले.

तो पाटावर येऊन बसला. ग्यानबानं मांडी घालून चिंधी सोडली. लेकीची वेणी घालावी तशा हलक्या हातानं त्यानं काडीला गुंडाळलेला नारू बाजूला धरला आणि जखमेभोवतीचा पाय धुतला. वापरलेलं पाणी विहिरीकडं एक थेंबही न जाता कोरड्या चरात गेलं. ग्यानबा खाली वाकला होता, त्यामुळं त्याचा फेटा राघोबाच्या अगदी नाकासमोर आला. राघोबानं काठावर बोट ठेवलं.

"हा लाल दोरा काय हाय?"

 आता नागूबाईला लपवायला उरलं काय होतं? तिनं सांगून टाकलं, की हा तुमचाच फेटा, चार महिने रांजणावर होता, आत्ता तुमच्या पायावर पडलेलं पाणी ह्याच्यातनंच गाळलंय, आणि दोरा असतो वरच्या अंगाला.

राघोबानं पुन्हा फेटा निरखला. "मग ह्यांनी उलटा बांधलाय की," तो म्हणाला. "दोरा खाली आलाय."

ग्यानबानं घाबरून ओल्या हातांनी फेटा चाचपला. खरंच उलटा होता. पहिल्यांदा सरुबाई हसली, मग लॉरीचा ड्रायव्हर, मग सगळं वऱ्हाड. राघोबानं पाटावर बसल्या बसल्या तो फेटा सोडला, उलटवला आणि दोरा कपाळावर येईल असा पुन्हा बांधला. तशाच लाल दोऱ्यानिशी ग्यानबा लेकीच्या लग्नात मिरवला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार पडले. जेवणाच्या पंगतीत राघोबानं पाण्याचा पेला वर धरून मुकादमी आवाजात विचारलं, "गाळलंय का?" आणि मगच प्याला.

त्या पावसाळ्यात आळंदहून निरोप आला, की राजूच्या सासऱ्यानं हमालांच्या पाण्याच्या पिंपाला फडकं बांधलंय आणि न गाळता पिणाऱ्याला शिव्या घालतो. ग्यानबा तो निरोप वाडीभर सांगत फिरला. नागूबाई त्याच्याआधी सांगून आली होती. पुढं नारूचे रोगी शोधत सरकारी माणसं गावोगाव आली, तेव्हा ह्या वाडीत त्यांना एकही सापडला नाही. त्यांनी कारण विचारलं. नागूबाईनं नवऱ्याला उन्हात उभं करून त्याचा जुना वण दाखवला, एखादी गाय दाखवावी तसा.

चौऱ्याऐंशी साली वस्तीत हातपंप आला. विहीर पडीक झाली, मग मुरूम टाकून बुजवली. ग्यानबा अठ्ठ्याऐंशीत तापानं गेला. त्याच्या मयतानंतरच्या जलदानविधीला आळंदची लॉरीभर माणसं आली आणि हातपंपाचं पाणी तसंच प्याली. कुणी गाळलं नाही, आणि कुणाला काही झालं नाही.