इंजिनाला बोलू द्या

आमच्या नर्सरीच्या जुन्या पेट्रोल ट्रकचं टायमिंग भरे गावातले मिस्त्रीच लावतात. इंजिन चालू ठेवून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर जरा जरा फिरवायचा आणि आवाज जुळला की बोल्ट आवळायचा. मध्ये कुणी बोललं की खेकसतात, "गप ऱ्हावा की! इंजिनाला बोलू द्या."

परवा त्यांच्या गॅरेजात इंजिन खडखडू लागलं तरी त्यांचा हात थांबेना. नजर माझ्या तोंडाकडे होती. मला रोपं पोचवायची घाई. मी ओरडले, "मिस्त्री, ऐकू येत नाही का? मागं घ्या!"

सगळी गिऱ्हाइकं वळली. मिस्त्रींनी टायमिंग मागं घेतलं, बोल्ट आवळला आणि ते माझ्याजवळ आले.

"ताई, पुढल्या येळंला निस्ती मान हलवा. मी बघतच असतुया."

कानात सांगावं तसं ते वाकून म्हणाले, पण ते अख्ख्या गॅरेजला ऐकू गेलं.