नाव कुणाचं वर छापायचं

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास आमच्या मुखेडच्या जत्रेत एक जोड ठरली आणि सगळ्या गावाला दुसरा विषयच उरला नाही. नांदेडचा पैलवान विरुद्ध लातूरचा पैलवान. दोघांनी भागातले फड गाजवले होते, पण एकमेकांशी कधीच भिडले नव्हते. मला दोघंही आवडायचे. मुलींनी फडाकडे फिरकायचं नसे, पण शाळेच्या गच्चीवरून सगळं दिसायचं. नांदेडचा चपळ, त्याने पट कधी काढला ते समोरच्याला पडल्यावर कळे. लातूरचा संथ; एकदा पकड बसली की सुटका नाही.

गाडं अडलं ते हस्तपत्रकावर. नाव कुणाचं वर छापायचं? कापड दुकानवाले अप्पा मूळचे लातूरकडचे. जिल्हा झाल्यापासून ते असे चालायचे की कलेक्टरही त्यांनीच नेमलाय. शाळेतले मास्तर नांदेडचे. शेवटी ठरलं, दोघांशीही लढून हरलेल्या माणसाला विचारायचं. मुखेडात असा एकच माणूस होता, माझे वडील.

"तुम्ही म्हणजे दोघांची सामाईक विहीर," मास्तर ओट्यावर बसत म्हणाले. "पाणी कुणी जास्त उपसलं, तुम्हीच सांगा."

मास्तरांचा हिशेब सरळ होता. बहात्तरच्या दुष्काळात नांदेडच्याने वडिलांना हलगी रंगात येण्याआधीच आसमान दाखवलं होतं. पुढे पाऊसपाणी झाल्यावर लातूरच्याशी वडील दिवस कलेपर्यंत झुंजले आणि मग पडले. म्हणजे नांदेडचा भारी. त्या झटपट कुस्तीवरून गाव वडिलांना अजून चिडवायचं. वडील हसून सोडून देत. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

"खरं सांगा पैलवान, कोन भारी हाय?" अप्पांनी विचारलं.

वडील सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "नांदेडच्यासंगं मी लढलोच न्हाई."

"अवं, सगळ्या गावानं बघितली की कुस्ती."

"बघितली. पर मी उपाशी होतो. खडी फोडायच्या कामावर होतो तवा. जिंकणाऱ्याला ज्वारीचं पोतं होतं म्हणून उतरलो. सलामीला हातात हात दिला अन् त्याला कळलं. हळूच म्हणला, खाऊन न्हाई आलात? दुसरा असता तर मला फडभर घुमवून टाळ्या घेतल्या असत्या. यानं मानेखाली हात घातला अन् लेकरू निजवतेत तसं खाली ठेवलं. वर जिंकल्याची फेरी मारताना माझा हात धरून मला बी संगं फिरवलं."

पैलवानाने स्वतःच्या तोंडाने उपाशी होतो म्हणणं सोपं नसतं. इतकी वर्षं त्यांनी चेष्टा सोसली, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तर खाली बघू लागले.

"त्याची ताकद मला ठावच न्हाई," वडील म्हणाले. "लातूरच्याची हाय, लई हाय. त्यानं मला पुरं लढू दिलं. दोघं बी मोठी माणसं हायती. नाव कुणाचं बी वर छापा, पर माझ्या पडण्यावरून मोजू नका."

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "घरात काहीच नव्हतं, तर आमाला सांगायचं की."

आई अप्पांसमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"काहीच नव्हतं असं न्हाई," ती म्हणाली. "एक भाकर होती. त्यांनी मोडून ह्या दोघींना दिली." तिने माझ्याकडे आणि धाकटीकडे बोट केलं.

"ते कशाला काढती आता," वडील म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला.

दुष्काळात मी चार-पाच वर्षांची असेन. त्या भाकरीची चव मी अजूनही आठवून बघते. आठवत नाही.