साडेचार हजार फुटांवरचं अरेतुरे

पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत दत्तारामाशी भांडायला कुणी तयार नसायचं. तो हात उगारायचा नाही की शिव्या द्यायचा नाही. तो फक्त ऐकून घ्यायचा नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याचं "बरोबर, बरोबर" सुरू व्हायचं, आणि त्याचा अर्थ एवढाच, की तुझं झालं असेल तर आता माझं ऐक.

महाडला तो बरीच वर्षं तारेच्या यंत्रावर बसायचा. सत्तावीस सालच्या मार्चात चवदार तळ्याच्या बातम्या पाठवून पाठवून त्याचं मनगट सुजलं होतं, आणि ती सूज तो पुढे महिनाभर लोकांना दाखवत फिरला. नंतर साहेबाशी वाजलं आणि त्यानं नोकरी सोडली. नोकरीनंच त्याला सोडलं, असं त्याची बायको बनुबाई सांगायची.

छत्तीस साली मुंबईच्या एका हौशी फ्लाइंग क्लबनं आमच्या डोंगरावर एक खोपटं बांधलं. दोन उंच बांबू रोवून त्यांच्यामध्ये तार ताणली, कावडीतून बॅटऱ्या वर चढवल्या आणि एक बिनतारी यंत्र आणून ठेवलं. क्लबला शिकाऊ वैमानिकांना आंधळेपणानं विमान चालवायला शिकवायचं होतं. शिकणारा मागच्या सीटवर बसायचा आणि त्याच्यावर टांग्याच्या टपासारखं कापड ओढून घ्यायचं. बाहेरचं काही दिसायचं नाही. समोरच्या तबकड्या वाचून विमान सरळ ठेवायचं, आणि मुख्य म्हणजे सांगितलेल्या उंचीवर ठेवायचं. शिकवणारा कॅप्टन उघड्या डोळ्यांनी पुढच्या सीटवर असायचा. उंची किती, वळायचं कधी, हे खोपट्यातला माणूस बिनतारीवरून सांगणार. शिकणाऱ्यानं तो आकडा परत म्हणून दाखवायचा, आणि खोपट्यातल्या माणसानं तो नीट ऐकून "बरोबर" म्हणायचं.

या "बरोबर" म्हणण्याच्या कामावर क्लबनं दत्तारामाला नेमलं.

कॅप्टन मुंबईचा पारशी होता. यंत्र बसवून परत जाताना त्यानं दत्तारामाला एकच ताकीद दिली. "जे भाषा तुमाला येते ते बोला. पन आकडा चुकेल तर साला हामी मरेल, तू नाय मरेल. ध्यानमा ठेव."

"बरोबर," दत्ताराम म्हणाला.

बनुबाई रोज भाकरी घेऊन वर यायची. विमानाचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. "पडलाच तर आपल्या भातात पडू नये, येवढा त्यास सांगून ठेवा," ती म्हणायची.

पहिले दोन शिकाऊ आले आणि गेले. तिसरा निघाला मालोजी, आमच्या खोताचा मुलगा. खोत म्हणजे महिपतराव. त्यांची जमीन आमची अर्धी वाडी कसायची. त्यांच्या अंगणात शिरताना दत्तारामाच्या बापानं वहाणा हातात घेतल्या होत्या, आजानं तर पायात घातल्याच नव्हत्या. मालोजी मुंबईला शिकून सूटबूट घालायला लागला होता, आणि आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसाला "दत्त्या" म्हणायची सवय मात्र त्यानं लहानपणापासून जपली होती.

पहिल्याच दिवशी कानातल्या यंत्रातून आवाज आला, "काय रे दत्त्या, येतंय का ऐकू?"

"इथं दत्त्या कुणी नाही. स्टेशन म्हणा," दत्ताराम म्हणाला. "तीन हजारांवर या."

"तीन हजारांवर येतो."

"बरोबर."

पाच मिनिटांनी दत्तारामानं उंची विचारली. मालोजी चौतीसशेवर होता. पुन्हा विचारली, तर सत्तावीसशे.

"मालोजीराव, तीन हजार म्हणालो होतो. पतंग आहे का तो?"

"वारा आहे इथं."

"वारा हितं पण हाय. माझं खोपटं कुठं चारशे फूट वर गेलं नाय."

हे सगळं दत्ताराम संध्याकाळी वाडीला ऐकवायचा. खोताच्या पोराला आपण वर चढ म्हणतो, खाली उतर म्हणतो, आणि तो निमूटपणे चढतो-उतरतो, ही गोष्ट लोकांना फार आवडली. काही जण नुसतं ते ऐकायला खोपट्याशी येऊन बसायला लागले. दत्तारामही मग गरज नसताना उंची विचारायला लागला. कॅप्टनला वाटलं, माणूस कामाला चोख आहे.

आश्विनात, भात कापायला आलं असताना, एक दिवस सकाळी आभाळ भरून आलं. विमान मुंबईहून निघालं तेव्हा तिकडे उघडीप होती. महाडच्या पुढे सावित्रीच्या खोऱ्यात शिरल्यावर ते ढगात गेलं. आता मालोजीला टपामुळे दिसत नव्हतं आणि कॅप्टनला ढगामुळे. कॅप्टननं विचार केला, की परीक्षा घ्यायचीच तर अशीच घ्यावी, आणि त्यानं मालोजीला पुढे जाऊ दिलं. यंत्र फक्त मालोजीच्या कानाला होतं. कॅप्टनशी तो एका रबरी नळीतून बोलायचा.

पोलादपूरवरून वळायचं, आणि वळण चुकलं तर समोर घाटाचा कडा, त्याचा माथा चार हजारांना भिडलेला. म्हणून दत्तारामानं सांगितलं, "साडेचार हजारांवर या."

यंत्रात कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज झाला. त्यातून मालोजी म्हणाला, "चार हजारांवर येतो."

"बरोबर," दत्ताराम म्हणाला. समोर बनुबाई भाकरी सोडत होती आणि तो चटणी कुठली आहे ते बघत होता.

मालोजीनं नळीतून कॅप्टनला कळवलं, की स्टेशननं चार हजार दिले. कॅप्टननं आपली तबकडी पाहिली. चार हजारांच्या आसपास काटा होता. तो निश्चिंत बसला.

थोड्या वेळानं दत्तारामानं उंची विचारली.

"तीन हजार आठशे," मालोजी म्हणाला.

"सातशे कमी आहात."

"दोनशे."

"सातशे, मालोजीराव."

"दत्त्या, तुला वजाबाकी येत नाही."

खोपट्याशी बसलेल्या मंडळींना यंत्रातलं काही ऐकू येत नव्हतं, पण दत्तारामाचा चेहरा दिसत होता. "मी सातवी पास हाय," दत्ताराम म्हणाला. "तुमच्या मास्तरला तुमच्या घरून आंब्याची पेटी जायची, म्हणून तुम्ही पास झालात."

"तोंड सांभाळ. चार हजारांतून अडतीसशे गेले, किती राहिले?"

"चार हजार कुणी सांगितले?"

"तू."

"मी साडेचार सांगितले."

"मी चार म्हणालो, तू बरोबर म्हणालास."

दत्ताराम गप्प झाला. बनुबाई पुढे सांगायची, की लग्नापासून तिनं त्याला असा गप्प पहिल्यांदा पाहिला. या बाचाबाचीत वळण्याची वेळ केव्हाच टळली होती. विमानाचा आवाज खोपट्यावरून गेला आणि कड्याच्या दिशेनं सरकायला लागला.

दत्तारामाच्या तोंडून मालोजीराव गेलं, स्टेशन गेलं, सातवी पास गेली. तो ओरडला, "चढ रे! मालोज्या, चढ, म्होरं डोंगर हाय!"

मालोजीनं विमानाचा दांडा पोटाशी ओढला. कॅप्टननं का म्हणून विचारलंसुद्धा नाही, पुढून त्यानंही ओढला. नाक वर, इंजिन धापा टाकतंय आणि ढगाचं पांढरं काळं होत चाललेलं, अशात ते वर फाटलेल्या आभाळात निघाले. कॅप्टननं खाली पाहिलं तर कड्यावरच्या कारवीची झुडपं चाकांखालून मागे पळत होती. तिथं गुरं चारायला गेलेला वाडीतला भिकू दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

विमान सुखरूप मुंबईला पोचलं. आठवड्यानं कॅप्टन स्वतः डोंगर चढून खोपट्यात आला, मालोजीला बरोबर घेऊन.

"कोन चुकला?" त्यानं विचारलं.

"हा चुकीचा आकडा म्हणाला, आणि मी न ऐकताच बरोबर म्हणालो," दत्ताराम म्हणाला. "जास्त मीच. ऐकायचा पगार मला हाय."

कॅप्टननं मालोजीकडे पाहिलं. "तुमची काय कंप्लेंट?"

"त्यानं मला अरे म्हटलं," मालोजी म्हणाला. "सगळ्या वाडीसमोर मालोज्या म्हटलं."

 कॅप्टननं तिथल्या तिथं दोन नियम केले. आकडा सुटा सुटा सांगायचा, चार-पाच-शून्य-शून्य. आणि विमान वर असेपर्यंत कुणी कुणाचा राव नाही. दत्तारामाला त्यानं काढलं नाही, पण मोजून अर्धा तास पारशी शिव्या दिल्या, आणि दत्तारामानं त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.

गोष्ट महिपतरावांच्या कानावर गेली. त्यांनी दत्तारामाला बोलावणं धाडलं. तो गेला, आणि अंगणात वहाणा घालूनच उभा राहिला.

"माझ्या मुलाला तू अरे म्हणालास?" झोपाळ्यावरून महिपतरावांनी विचारलं.

"म्हणालो. अहो-जाहो करेपर्यंत डोंगर थांबला नसता."

आतून खोतीणबाई, चंद्राबाई, बाहेर आल्या. त्यांना डोंगराचं कुणी सांगितलंच नव्हतं. घरात फक्त अपमानाची चर्चा झाली होती. त्यांनी दत्तारामाकडून सगळं नीट काढून घेतलं, चाकांखालच्या कारवीसकट. मग नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही त्याला जाब विचारायला बोलावलंत?"

महिपतरावांनी झोपाळा थांबवला. मग त्यांनी चहा सांगितला. दत्तारामाला कप दिला, तोही घरातला, बाहेरच्यांसाठी वेगळा ठेवलेला नव्हे. तो त्यानं उभ्यानंच प्यायला, कारण बस असं कुणी म्हटलं नाही.

मालोजी पुढल्या वर्षी परीक्षा पास झाला. परीक्षेच्या दिवशी त्याचा काटा ठरल्या उंचीवरून फारसा हललाच नाही. मुंबईला त्याला टपाल वाहणाऱ्या विमानावर काम मिळालं. त्यानंतर क्लब बंद पडला आणि खोपट्याचे बांबू कुणीतरी गोठ्याला नेले. दत्ताराम एका बोटीवर बिनतारीवाला म्हणून लागला. शिमग्याला घरी यायचा तेव्हा एडनच्या, मोंबासाच्या गोष्टी सांगायचा, आणि त्यातलं खरं किती ते कुणाला कळायचं नाही.

ऐकून मात्र घ्यायला शिकला होता. समोरचा पुरता थांबेपर्यंत तो थांबायचा, मग त्याचं सगळं बोलणं त्यालाच परत म्हणून दाखवायचा आणि विचारायचा, "असंच ना?" बनुबाईला याचा फार वैताग यायचा. ती म्हणायची, आधीचा बरा होता, निदान भांडण लवकर तरी संपायचं.