पाऊणची पॅसेंजर

गोष्ट कशी सुचते असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. सुचणं वगैरे काही नव्हतं. मी झाशीच्या कंट्रोल ऑफिसात तक्ते आखणारा माणूस. मोठ्या कागदावर उभ्या बाजूला स्टेशनं, आडव्या बाजूला तास, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. कुठली गाडी केव्हा कुठे असेल ते एका नजरेत कळायचं. गोष्टीतली गावंही मी तशीच रचत असे. स्टेशनांच्या जागी विहीर, देऊळ, बाजार, शाळा. गाड्यांच्या जागी माणसं. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे प्रसंग घडवायचा. या युक्तीचा मला भलताच गर्व होता.

एका वर्षी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मला कथा वाचायची होती. गाव रचलं, नदी आणली, पण तक्त्यात जीव येईना. सगळ्या रेघा मुकाट्यानं कामाला जाऊन घरी परतणाऱ्या. तेव्हा मला शेजारच्या वहिनी आठवल्या. गार्डाची बायको, माहेर झाशीतल्याच जुन्या मराठी घरातलं. दर गुरुवारी, नवरा ड्यूटीवर गेला की कापडी पिशवी घेऊन त्या पाऊणच्या पॅसेंजरनं एकट्याच बरुआसागरला जायच्या आणि साडेपाचच्या गाडीनं परत यायच्या. कशासाठी, ते मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर कल्पनेला जागा उरणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या टोकाला एक देखणा मास्तर बसवला आणि रेघ जुळवून टाकली.

गावाचं नाव बदललं, नदी बदलली, सावळी बाई गोरी केली. गुरुवार आणि गाड्यांच्या वेळा मात्र तशाच ठेवल्या, कारण त्या हलवल्या की सगळा तक्ता कोसळत होता. आणि समोर बसले होते कोण, तर गाडीच्या शिट्टीवर चुलीवर भात चढवणारी रेल्वेची माणसं. "पाऊणची पॅसेंजर" हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे वहिनी बसल्या होत्या. मला मूर्खाला वाटलं, लोक रंगलेत. मी आवाज आणखी चढवला.

टाळ्या भरपूर पडल्या. पुढच्या गुरुवारी वहिनी घराबाहेर पडल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात मी माफी मागायला गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भैया, आता मी दाराची कडी काढली तरी लोक घड्याळाकडे बघतात," त्या म्हणाल्या. "यांची पण नजर बदलून गेली."

मग त्यांनीच सांगितलं. बरुआसागरला त्यांची मावशी होती. तिनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरात तिचं नाव काढायचीही बंदी होती. आता ती विधवा, डोळे गेलेले, घरात एकटी. वहिनी गुरुवारी जाऊन तिला न्हाऊ घालायच्या, तिची नखं काढायच्या. हे सांगावं तर घरचे तिच्याकडे जाऊ देणार नाहीत, न सांगावं तर माझा मास्तर खरा ठरतो.

मला लाज वाटत होती, अगदी खरी. आणि तरी मी विचारलं, "स्टेशनापासून घर किती लांब आहे?" मदत करायचं मनातही नव्हतं. डोक्यात नवी रेघ सरकायला लागली होती, एवढंच.

वहिनींचा चेहरा उजळला. "तुम्ही जाल, भैया? पंधरा मिनिटं लागतात, बस." त्यांनी आतून पिशवी आणून माझ्या हातात दिली. धुतलेलं लुगडं, तेल, शिकेकाई.

गुरुवारी मी गेलो. म्हातारी खाटेवर बसली होती, केसांच्या जटा झालेल्या. परक्या पुरुषाचा आवाज ऐकताच तिनं पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी कोण, कोणी पाठवलं, सगळं सांगितलं. "जाओ भैया, जाओ," एवढंच ती म्हणत राहिली. शेजारी कोणाला हाक मारायचा धीर मला झाला नाही. पिशवी खाटेवर ठेवून मी परतलो.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "न्हायली?"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला खरं बोलवेना. "हो," मी म्हणालो, "शेजारच्या बाईनं न्हाऊ घातलं." आणि मग जीभ सुटलीच. त्या बाईला मी नाव दिलं, चार पोरं दिली, पितळी घंगाळ दिलं. ती आता रोज येते म्हणालो, जटा हळूहळू सोडवते, दुपारी दोन भाकऱ्याही टाकते. लिहायला बसून इतकं जिवंत माणूस मला कधी रचता आलं नव्हतं.

वहिनी ऐकता ऐकता रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले.

"रोज येते ना? मग सुटले मी, भैया," त्या म्हणाल्या. "आता मी नाही गेले तरी चालेल."