कोबेचा भात आणि निरवांगीचा कावळा

आमचे हे चार वर्षं जपानात होते, कोबेला, एका कापसाच्या पेढीवर. परत आले ते नुसत्या देहानं. जीव तिकडंच राहिला होता. निरवांगीच्या घरात भाकरीचा तुकडा मोडायचे, आमटीत बुडवून तसाच ठेवायचे आणि उठून कालव्यापर्यंत फेऱ्या मारत सुटायचे. पुढल्या बाजारी पेढीचा माणूस बारामतीला येऊन विचारणार होता, बोटीनं परत येता की नाही? हे हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळं जो तो विचारायचा, मासळीच्या मुलखात माळकरी माणूस जगला कसा? तेवढं विचारलं की ह्यांच्या तोंडावर जरा कळा यायची. तिथल्या देवळामागं राहणारी एक बाई ह्यांना भाताचे गोळे करून द्यायची म्हणे. आत आंबट-खारं फळ, वर भाजलेले तीळ. मी मनाशी म्हटलं, एवढंच ना? भातासाठी कुणी समुद्र ओलांडतं व्हय! हितंच खाऊ घालते, बघू मग कसे जातात.

बारामतीला माझं माहेर. तिकडून आंबेमोहोर मागवला. आमच्याकडं भात सणासुदीला, तोही पेज काढून मोकळा केलेला. तसाच केला आणि वळायला घेतला, तर सगळा बोटांतून परातीत. पुन्हा केला, पेज ठेवून. आता चिकटला खरा, पण माझ्याच हाताला! तळवे भाजले तेव्हा ह्यांचं बोलणं आठवलं, ती बाई हात मिठाच्या पाण्यात बुडवायची म्हणे. आत लिंबाच्या लोणच्याची फोड घातली. तिचे गोळे तिकोनी असायचे. मला काही ते जमेना, माझे गोलच झाले. घरात तीळ होते ते काळे. तेच भाजून वर लावले. तीन गोळे पत्रावळीवर मांडले आणि माझी मीच खूश झाले.

सासूबाई परसातून आत आल्या आणि किंचाळल्या, "अगं भवाने! कुणाचं पिंड घातलंस गं घरात?"

पाहिलं तर खरंच की! भाताचे गोल गोळे, तेही तीन, वर काळे तीळ. ओरडा ऐकून हे धावत आले. आता थोबाडात बसतेय, असं मला वाटलं. पण हे पत्रावळीकडं बघत मटकन खाली बसले.

"आबा गेल्याचं मला तितं लई उशिरा कळलं," हे म्हणाले. आबा म्हणजे माझे सासरे, हे तिकडं असतानाच गेले. "मी बी असंच गोळं करून समुद्राकडंला ठेवलं. कावळं ढिगानं हुतं. एक बी शिवला न्हाय, आई."

सासूबाईंचा राग कुठल्या कुठं गेला. "हितं तरी कुठं शिवला? चुलत्याच्या पोरानं पिंड ठेवलं. ऊन डोक्यावर आलं, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला." त्यांनी एक गोळा उचलला आणि परसातल्या दगडावर नेऊन ठेवला. "आता तू बोल. त्यांच्या मनात काय ऱ्हायलंय, ते कबूल कर. मग शिवंल."

सासऱ्यांच्या मनात काय राहिलं होतं, ते आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. लेकानं घरी राहावं, मळा बघावा.

हे हात जोडून उभे राहिले. ओठ हलले. माझा जीव टांगणीला. म्हणा की, आता जात न्हाय म्हणा!

तेवढ्यात कडुलिंबावरनं कावळा उतरला आणि गोळ्यात चोच घातली.

"शिवला! सुटला गं बया जीव त्यांचा!" सासूबाई रडायला लागल्या. ह्यांनी मोठा श्वास सोडला. बोलायचं ते पोटातच राहिलं, आता बोलायची गरजच नव्हती. मेल्या, एवढी कसली रे भूक लागली होती तुला? आणखी एक घटका दम धरला असतास तर!

उरलेले दोन्ही गोळे ह्यांनी खाल्ले. सासूबाई नको नको म्हणत होत्या, तरी खाल्ले. "मीठ कमी हाय," म्हणाले आणि हसले. आल्यापासून पहिल्यांदा. त्या दिवसापासून भाकरीही पोटभर जायला लागली, फेऱ्या थांबल्या. बाजारच्या दिवशी हे बारामतीला गेले आणि पेढीच्या माणसाला हो म्हणून आले.

निघायच्या सकाळी वाटेत खायला तेच गोळे मागितले. मी केले. तीळ पांढरे आणले होते, मीठही बेताचं घातलं. सगळे घट्ट वळले, एकसुद्धा फुटला नाही.